आपलं माणूस गोव्याच्या कोलवाळ मध्यवर्ती तुरुंगात असेल तर: तक्रार कागदावर कशी आणायची

"झोपायला जागा नाही. पाण्याचे हाल आहेत. पाय सुजलाय, कोणी बघत नाही."

तुरुंग कुठलाही असो, घरची माणसं मुलाकातीहून परतली की हीच तीन वाक्यं बोलतात. मी विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची कुटुंबं माझ्यासमोर येऊन बसतात आणि मी उलट विचारते : पाय कधीपासून सुजलाय? डॉक्टरला शेवटचं कधी दाखवलं? हे कुणाला लिहून दिलंय का? लिहून दिलेलं बहुधा काहीच नसतं. वॉर्डरला सांगितलं, वकिलाला फोनवर सांगितलं, आमदाराच्या माणसाला सांगितलं. तुरुंगाचं सगळं तोंडी चालतं, आणि तोंडी गोष्टीला तारीख नसते. तारीख नसेल तर न्यायाधीश विचारणार काय आणि अधीक्षक उत्तर देणार कशाचं? म्हणून या लेखात कायदा जेवढ्यास तेवढाच आहे. जास्त भर कागद कुठे द्यायचा, त्यात काय लिहायचं आणि पोच कशी घ्यायची यावर आहे.

आधी हक्क कुठून येतो ते

लोकांच्या मनात एक ठाम समजूत असते : गुन्हा केला म्हणजे हक्क संपले. घरच्यांनाही तसंच वाटतं, म्हणून ते ओशाळून बोलतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सुनील बत्रा या कैद्याच्या खटल्यात हे खोडून काढलं. शिक्षेने माणसाचं फिरण्याचं स्वातंत्र्य जातं, बाकीचे मूलभूत हक्क तुरुंगाच्या दारात काढून ठेवावे लागत नाहीत, असा त्या निकालाचा अर्थ. त्याच खटल्यात पायातल्या बेड्यांविरुद्ध आलेला दुसरा कैदी होता चार्ल्स शोभराज. तिहारमधून पळाल्यावर १९८६ मध्ये पकडला गेला तो आमच्या पर्वरीत, एका रेस्टॉरंटात. आज उच्च न्यायालयाची गोव्यातली इमारतही पर्वरीतच आहे. माणूस नावडता असला तरी त्याच्या नावावरचा निकाल तुमच्या भावाच्या कामी येतो, हे सांगायला मला हे उदाहरण बरं पडतं.

पुढच्याच वर्षी बत्राने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून धरलं. वकील नाही, शपथपत्र नाही, नुसतं पत्र. पुढे त्याचा उपयोग होणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वास चालू असणं नव्हे, माणसासारखं जगणं, हे १९८१ च्या फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात ठरलं. घरच्यांना आणि वकिलाला भेटण्याचा हक्कही त्यातच येतो. संविधानाचा अनुच्छेद २१ हा या सगळ्याचा पाया.

आंतरराष्ट्रीय कायद्याचं बळ केवढं, असं शिकलेली मुलं विचारतात. भारत १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. त्याच्या दहाव्या कलमात बंदिवानाशी माणुसकीने वागण्याचं बंधन आहे. छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मंजुरी आजवर दिलेली नाही. कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये सुधारून घेतले आणि त्यांना नेल्सन मंडेला यांचं नाव दिलं. असे १२२ नियम आहेत. ते कायद्यासारखे बांधत नाहीत, पण आपली न्यायालयं अनुच्छेद २१ चा अर्थ लावताना त्यांचा आधार घेतात. अर्जात एखादाच नियम, नेमका क्रमांक देऊन लिहा. दहा नियम ओतले की वाचणारा पान उलटतो.

घरात पोर्तुगीज पासपोर्टवाली माणसं असतील तर एक माहिती कानावर घाला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१९ मध्ये पेत्रेस्कू खटल्यात खुद्द पोर्तुगालला गर्दीच्या तुरुंगांवरून दोषी धरलं. तिथे माणशी ३ चौरस मीटरपेक्षा कमी जागा ही धोक्याची खूण मानतात. आपल्याकडच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सामाईक बराकीसाठी माणशी ३.७१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे चाळीस चौरस फूट जागा धरली आहे. बराक वीस फूट बाय चाळीस फूट असेल तर वीस माणसं. आत किती आहेत ते मोजायला सांगा.

अटक झाल्यापासून पहिला दिवस

तुरुंगातल्या तक्रारीची मुळं पुष्कळदा पोलीस कोठडीत असतात. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं, अटकेची कारणं सांगणं, घरच्यांना कळवणं, वैद्यकीय तपासणी करणं ही पोलिसांची बंधनं आहेत. घरच्यांनी त्या दिवशी दोन कामं करायची. एक : सुरू असलेल्या औषधांची चिठ्ठी आणि गोमेकॉचे (बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे) किंवा इतर इस्पितळाचे कागद, झेरॉक्स करून, वकिलाच्या हाती द्यायचे. दोन : मारहाण झाली असेल तर पहिल्याच रिमांडला, दंडाधिकाऱ्याच्या तोंडावर, ते बोलायला आपल्या माणसाला सांगायचं. "नंतर बघू" म्हटलं की वळ जातात.

पोलीस ठाण्यांत कॅमेरे हवेत आणि त्यांचं चित्रण १८ महिने, तेवढी सोय नसेल तर निदान १ वर्ष जपावं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सांगितलं. चित्रण जपून ठेवावं असा अर्ज पहिल्या आठवड्यातच न्यायालयात द्या. तारीख आणि वेळ घाला : अमुक दिवशी अमुक ते अमुक, लॉकअपबाहेरचा कॅमेरा.

तुरुंगाच्या फाटकातून आत जाताना अजून एक नोंद होते. १८९४ च्या कारागृह कायद्याच्या कलम २४ प्रमाणे आलेल्या कैद्याची तपासणी होऊन त्याची तब्येत आणि अंगावरच्या जखमा किंवा खुणा लिहून ठेवायच्या असतात. कायदा इंग्रजांच्या काळचा आणि कडक, पण हे कलम फार उपयोगाचं आहे. पोलीस म्हणाले "आत गेल्यावर पडला", तर ही नोंद बोलते. दम्याचा, साखरेचा, फिट्सचा त्रास त्या वेळी सांगायलाच हवा. बरेच तरुण लाजेने सांगत नाहीत, दारूचं व्यसन तर नाहीच. दारू एकदम तुटली की चौथ्या दिवशी माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो, म्हणून तेही डॉक्टरला सांगायला लावा.

मुलाकातीत काय विचारायचं

ई-मुलाकातीच्या पोर्टलवर भेटीची नोंदणी करता येते. ओळखपत्र लागतं, फोटोतली आणि प्रत्यक्षातली व्यक्ती तीच लागते, एवढं सांगून पुढे जाते, कारण गेटवरच्या वेळा बदलत असतात आणि त्या तिथेच विचाराव्यात.

वेळ थोडा मिळतो आणि त्यातला निम्मा रडण्यात जातो. ते स्वाभाविक आहे. पण शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि विशेषणं नकोत, आकडे विचारा. "जेवण कसं असतं?" या प्रश्नाला "वाईट" एवढंच उत्तर येतं. "काल सकाळी काय दिलं, किती वाजता दिलं?" असं विचारा. बराकीत माणसं किती, संडास किती, त्यातले चालू किती? नळाला पाणी किती वाजता येतं? रात्री पंखा आहे का? डॉक्टरकडे नाव कधी दिलं, कधी नेलं, गोळी कुठली दिली? गोमेकॉला नेण्याची तारीख चुकली असेल तर कारण काय सांगितलं? "गार्द नव्हती", म्हणजे सोबत न्यायला पोलीस नव्हते, हे उत्तर जिथे तिथे मिळतं. तेही शब्दशः लिहून घ्या.

बाहेर आल्यावर, बस पकडण्याआधी, वहीत लिहा. शाळेची शंभर पानी वही चालते. वर तारीख, खाली त्याने सांगितलेले शब्द. मुलाकातीच्या रजिस्टरात तुमचं नाव त्याच तारखेला असतं, म्हणून ही वही फक्त तुमची आठवण राहत नाही, तिला टेकू मिळतो.

पहिला अर्ज अधीक्षकांना

काहीजण थेट उच्च न्यायालयात जायचं म्हणतात. जाता येतं, पण तिथे पहिला प्रश्न असतो : तुरुंगाला कळवलं होतं का? म्हणून पहिला अर्ज अधीक्षकांना. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा असली तरी मराठीचा शासकीय कामात वापर मान्य आहे. तेव्हा अर्ज मराठीत द्या, बिनधास्त. मोडक्या इंग्रजीतल्या अर्जात आशय हरवतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

नमुना असा. एका अर्जात एकच विषय :

"प्रति, मा. अधीक्षक, … कारागृह. विषय : कच्चा कैदी क्रमांक … यांच्या वैद्यकीय तपासणीबाबत. महोदय, मी वरील कैद्याची आई आहे. त्यांना २०१९ पासून मधुमेह आहे. इस्पितळाच्या कागदांची प्रत जोडली आहे. दिनांक … च्या मुलाकातीत त्यांनी उजव्या पायाला सूज व जखम असल्याचे, तसेच दिनांक … पासून गोळ्या मिळाल्या नसल्याचे सांगितले. विनंती : (१) तीन दिवसांत वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी व्हावी, (२) गरज असल्यास बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे, (३) काय केले ते मला लेखी कळवावे. कारागृह कायदा १८९४, कलम ३७, आणि मंडेला नियम २४ यांकडे लक्ष वेधते. आपली विश्वासू …"

कलम ३७ म्हणजे आजारी दिसणाऱ्या किंवा डॉक्टरला भेटू इच्छिणाऱ्या कैद्याची खबर विलंब न करता वर पोचवण्याचं बंधन. मंडेला नियम २४ सांगतो की बाहेरच्या लोकांना ज्या दर्जाचा उपचार मिळतो त्याच दर्जाचा आत मिळावा. बस, एवढे दोन आधार पुरे.

दोन प्रती घेऊन जा. इनवर्डला, म्हणजे कागद स्वीकारण्याच्या खिडकीवर, एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. हीच पोच. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर भांडत बसू नका. म्हापशाला परत येऊन रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती वहीला टाचणीने लावा. ईमेलही करा. तीनपैकी एक तरी टिकतं.

आता भीतीचा मुद्दा. "तक्रार केली तर आत त्याला त्रास देतील." हे मला प्रत्येक आई विचारते आणि मी "नाही, काही होत नाही" असं कधीच सांगत नाही. कारण आत राहायचं त्याला आहे, मला नाही. मंडेला नियम ५७ सांगतो की तक्रार गुप्तपणे करता यावी आणि केल्याबद्दल सूड उगवला जाऊ नये. नियम आणि रात्र यांत मात्र अंतर असतं. म्हणून पहिलं, त्याची संमती घ्या. त्याने नको म्हटलं तर थांबा. दुसरं, सुरुवात तब्येतीच्या अर्जाने करा. औषध मागणं हा कुणावर आरोप नसतो, आणि एकदा कुटुंब लिहितं हे कळलं की वागण्यात फरक पडतो. तिसरं, माणसावर आरोप करायचाच असेल, मारहाणीचा किंवा पैसे उकळण्याचा, तर तो अर्ज अधीक्षकांकडे न देता वकिलामार्फत थेट खटल्याच्या न्यायालयात द्या आणि बराक बदलण्याची मागणी त्यातच जोडा.

खटल्याचं न्यायालय : सर्वांत जवळचं दार

आठ दिवसांत काही हाललं नाही तर पोचीची प्रत जोडून ज्या न्यायालयात खटला आहे तिथे अर्ज. कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही असा, न्यायालयाच्या आदेशाने आत असतो, म्हणून त्या न्यायाधीशाला त्याची चौकशी करण्याचा पूर्ण अधिकार आहे. तुरुंगाकडून वैद्यकीय अहवाल मागवा, अमुक तारखेपर्यंत तपासणीचा आदेश द्या, खास आहाराची किंवा घरच्या औषधांची परवानगी द्या, अशा नेमक्या मागण्या करा. कच्च्या कैद्याला घरचं अन्न आणि कपडे मागवता येतात, अशी तरतूद १८९४ च्या कायद्यातही आहे. ती नियमांच्या चौकटीत आणि तपासणी होऊनच मिळते.

मागणी किती लहान असू शकते? फादर स्टॅन स्वामी यांना कंपवात होता, हातात पेला धरवत नव्हता. तळोजा तुरुंगात त्यांना स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून २०२० मध्ये न्यायालयात अर्ज करावा लागला. तेव्हा "एवढ्याशा गोष्टीसाठी कोर्टात?" असं मनात आणू नका. चष्मा, दातांची कवळी, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, सगळं मागता येतं.

व्हिडिओवरून हजेरी होते तेव्हा कैद्याने हात वर करून "साहेब, मला बोलायचं आहे" एवढं म्हणायचं धैर्य करावं. स्क्रीन वीस सेकंदांत बंद होते, म्हणून वाक्य आधीच ठरवून ठेवायचं : "माझा पाय दोन आठवडे सुजलाय, दवाखान्यात नेलं नाही." रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, ते आलं की झालं.

आणि इस्पितळात नेलं की खाटेला साखळीने बांधलेलं दिसलं तर? फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच प्रकारावर कडक शब्दांत बोट ठेवलं आहे. वकिलाला लगेच सांगा.

वकील नाही, पैसे नाहीत

कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये 'कोठडीत असणं' हीच पात्रता आहे. स्त्रियांनाही उत्पन्नाची अट नाही. उत्तर आणि दक्षिण गोव्याची जिल्हा प्राधिकरणं आहेत, तुरुंगात विधी सेवा केंद्र चालतं, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. फोन करताना खटला क्रमांक, न्यायालय आणि कैद्याचं पूर्ण नाव जवळ ठेवा. "फुकटचा वकील" म्हणून लोक नाक मुरडतात. मला काही फार चांगले भेटले, काही अगदीच सुस्त. सुस्त असेल तर बदलून मागता येतो, लेखी अर्जाने. अर्थात पोच घेऊन.

गर्दीवरचा खरा इलाज

जागा नाही ही तक्रार अधीक्षक एकटे सोडवू शकत नाहीत. फाटकावर न्यायालयाचा वॉरंट घेऊन माणूस आला की तो घ्यावाच लागतो. १९९६ च्या राममूर्ती निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नऊ रोगांची यादी केली. त्यात गर्दी आणि खटल्यांचा विलंब आहेत, आणि या दोघांचं नातं उघड आहे. म्हणून जागेची तक्रार लिहाच, पण त्याबरोबर आपलं माणूस बाहेर येण्याच्या वाटा तपासा.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा. त्याच्या कलम ४७९ चा हिशेब घरी बसून करता येतो. आधी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडायचं असतं. इतरांसाठी निम्मा काळ. कमाल शिक्षा ३ वर्षांची असेल तर आधी शिक्षा न झालेल्यासाठी १ वर्ष. ७ वर्षांची असेल तर २ वर्षं ४ महिने. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले सुरू असतील तर अडतं. ही संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, पण त्याआधीच्या खटल्यांतल्या कैद्यांनाही या कलमाचा लाभ द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. मुदत भरली की न्यायालयाला कळवणं हे अधीक्षकांचंच काम आहे. तुम्ही मात्र कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवा आणि त्या आठवड्यात विधी सेवा केंद्रात अर्ज द्या. दर तिमाहीला जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांच्या आढाव्याची समिती बसते. नाव तिच्या यादीत गेलं का, ते विचारा.

दुसरी वाट दोषारोपपत्राची. ते ६० किंवा, गंभीर गुन्ह्यांत, ९० दिवसांत आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, पण मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याआधी मागावा लागतो. गोव्यात अमली पदार्थांचे खटले बरेच, त्यांत व्यावसायिक प्रमाण, म्हणजे कायद्याने ठरवलेला मोठा साठा, असेल तर ही मुदत १८० दिवसांची आणि जामिनाच्या अटीही फार कडक.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. जामीन मंजूर होतो आणि माणूस तरीही आत राहतो, कारण हमीदार नाही. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिना उलटला तर न्यायालय अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. परप्रांतातून बांधकामावर आलेल्या मजुराला गोव्यात कोण हमीदार मिळणार? त्याच्यासाठी हा परिच्छेद कुणीतरी वाचून दाखवावा.

माहिती अधिकार, आयोग आणि पर्वरी

उत्तर येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. जीव किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची असते, कलम ७(१). अर्जाच्या वरच ठळक लिहा : "जीविताशी संबंधित, ४८ तास." काय मागायचं? तुमच्या अर्जावर काय कारवाई झाली त्याच्या प्रती, अमुक महिन्यातली मंजूर क्षमता आणि प्रत्यक्ष संख्या, इस्पितळाच्या चुकलेल्या तारखा आणि त्यांची कारणं. इतरांची वैद्यकीय माहिती मागू नका, ती नाकारली जाईल आणि बाकीचं रखडेल.

गोवा मानवी हक्क आयोग पणजीत आहे. फी नाही, वकील लागत नाही. राष्ट्रीय आयोगाचा फोन १४४३३. तीन पथ्यं पाळा : घटना एका वर्षाच्या आतली हवी, दोन्ही आयोगांकडे एकाच वेळी जाऊ नका, कारण एकाने हाती घेतलं की दुसरा सोडतो, आणि न्यायालयात जे चाललंय तेच पुन्हा लिहू नका. आयोग शिफारस करतो, हुकूम नाही. तरीही आयोगाची नोटीस गेली की अहवाल मागवला जातो, आणि तो अहवाल पुढे तुमचा पुरावा होतो.

शेवटी पर्वरी. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका, किंवा बत्रासारखं साधं पत्र. पत्रात वहीतल्या नोंदी तारखांनिशी, पोचींच्या प्रती, आणि मागण्या अशा की ज्यांवर "हो" किंवा "नाही" म्हणता येईल. "परिस्थिती सुधारावी" ही मागणी नव्हे. "जिल्हा न्यायाधीशांनी बराक क्रमांक अमुकची पाहणी करून पंधरा दिवसांत अहवाल द्यावा" ही मागणी. हानी भरून न येणारी असेल तर भरपाईही मागता येते. १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा खटल्यात कोठडीत मुलगा गमावलेल्या ओडिशातल्या आईला दीड लाख रुपये मिळाले, तेही एका पत्रावरून सुरू झालेल्या प्रकरणात.

कोठडीत मृत्यू झाला तर राष्ट्रीय आयोगाला २४ तासांत खबर द्यावी लागते, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी बंधनकारक आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६), आणि शक्य असेल तिथे नातेवाइकांना चौकशीला हजर राहू द्यायचं असतं. शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागा. त्या दिवशी कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून गावातला एखादा शांत माणूस सोबत घ्या.

काही वेगळ्या परिस्थिती

बाईबरोबर सहा वर्षांपर्यंतचं मूल आत राहू शकतं. २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालाप्रमाणे त्या मुलाला पाळणाघर, खाणं, लसीकरण हे सगळं मिळायला हवं, आणि मूल हा कैदी नाही.

जातीवरून काम वाटणं, झाडू एका जातीला आणि स्वयंपाक दुसरीला, हे ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालाने बेकायदा ठरवलं आहे. तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकानाही काढायला सांगितला आहे.

परदेशी कैद्याला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क आहे. म्हापशातलं परदेशी नागरिकांचं स्थानबद्धता केंद्र हे तुरुंग नव्हे, पण तिथल्या माणसालाही अनुच्छेद २१ लागू होतो.

आणि एकांतवास. मंडेला नियम ४४ प्रमाणे दिवसाचे २२ तास किंवा जास्त काळ माणसांच्या संपर्काविना ठेवणं म्हणजे एकांतवास. सलग १५ दिवसांपेक्षा जास्त असेल तर तो निषिद्ध. शिस्तीच्या नावाखाली वेगळ्या कोठडीत टाकलं असेल तर दिवस मोजा. गोमंतकातल्या मराठी घरांना एकांतवास शिकवावा लागत नाही. मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे पोर्तुगालमधल्या तुरुंगातून सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर. आग्वादच्या ज्या किल्ल्यात लोहियांना ठेवलं होतं तिथे पुढे आपल्याच राज्याचा मध्यवर्ती तुरुंग होता, कोलवाळ सुरू होईपर्यंत. आज तिथे पर्यटक फोटो काढतात.

सुटकेचा दिवस येतो तेव्हा सगळे हार घेऊन फाटकाशी उभे असतात. एकाने तेवढ्यात आतल्या खिडकीवर जाऊन तुरुंगातली वैद्यकीय कागदपत्रं, गोमेकॉची पुढची तारीख असलेली चिठ्ठी आणि जमा केलेल्या वस्तूंची यादी मागून घ्यावी. वही फेकू नका. आयोगाची वर्षाची मुदत अजून चालू असू शकते.